डेअरीच्या पावतीत सापडणारं रहस्य

प्रश्न मोहोळ तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: "मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. इंग्रजी मालिकांमधली खेड्यातली रहस्यं मला फार आवडतात. खून होतो, पण बघताना धसका बसत नाही, उलट त्या गावात जाऊन राहावंसं वाटतं. तसंच काहीतरी आमच्या भागात घडणारं, आठ भागांचं लिहायला घेतलंय. दोन निर्मात्यांना ऐकवलं. एक म्हणाले रक्त वाढवा, दुसरे म्हणाले विनोद वाढवा. मला दोन्ही नको आहे. मग नेमकं काय धरून लिहू?" सोबत त्यांनी आठ भागांचा आराखडा आणि लिहिलेले काही संवादही पाठवलेत.

गुरुजी, दोन्ही वाढवू नका. मी बावीस वर्षं मालिकांसाठी लिहितोय. पहिली चौदा मुंबईत काढली, गेली आठ सोलापुरात बसून लिहितोय. एवढ्या वर्षांत हाती लागलेलं सांगतो. हलक्या हाताचं ग्रामीण रहस्य दोन गोष्टींवर उभं राहतं. एक, गावाचा रोजचा क्रम. कुठेतरी तो क्रम तसूभर मोडतो आणि ते कुणाच्या तरी लक्षात येतं. दुसरी, उद्या. ज्याने केलं आणि ज्याने ओळखलं, त्या दोघांना उद्या सकाळी त्याच पारावर बसायचं आहे. पहिल्यातून रहस्य येतं, दुसऱ्यातून मऊपणा. विनोद या दोन्हींच्या मधल्या जागेत आपोआप उगवतो, त्याला वेगळं खत लागत नाही.

हे मला एका फसलेल्या मालिकेने शिकवलं. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीसाठी मी खेड्यातली एक गोष्ट लिहिली होती. यात्रेच्या आठ दिवस आधी देवळातली घंटा नाहीशी होते, एवढीच. सव्वीस भाग ठरले होते. तिसऱ्या आठवड्यात निरोप आला की घंटा चोरणारी नायिकेची सासू करा. सहाव्या आठवड्यात गोष्टीत गुप्तधन आलं, मग नाग आला. मालिका बंद पडली तेव्हा घंटा कुठे गेली हे सांगायचं राहूनच गेलं होतं. आजही सोलापूरच्या स्टँडवर एखादे आजोबा गाठून विचारतात, "ती घंटा कुणी नेलती हो?" चार लोकांनी का होईना, एवढी वर्षं एका घंटेची वाट पाहिली. म्हणजे प्रेक्षक आहे. तो रक्तासाठी थांबलेला नाही.

आता तुम्हाला आवडणाऱ्या मालिकांकडे येऊ. त्या आवडणं वेगळं आणि त्यांचे सांधे पाहणं वेगळं. 'मिडसमर मर्डर्स' आयटीव्हीवर 1997 साली सुरू झाली, कॅरोलाइन ग्रॅहम यांच्या कादंबऱ्यांवरून. तिथे माणसं भरपूर मरतात, तरी बघणारा चहा घेत निवांत असतो. याचं कारण मिडसमर हे एक गाव नाहीच. ती कल्पनेतली अख्खी काउंटी आहे, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. दर भागाला गाव वेगळं, माणसं वेगळी, जत्रा किंवा फुलांचं प्रदर्शन वेगळं. तिथला पोलीस अधिकारी बार्नाबी गुन्हा उकलतो आणि घरी जेवायला जातो. मागे राहिलेल्या गावाचं पुढे काय झालं, हे आपल्याला बघावं लागत नाही. 'मर्डर, शी रोट' या अमेरिकन मालिकेत 1984 पासून नेमकी हीच अडचण आली. कॅबट कोव्ह हे एकच चिमुकलं गाव, तिथे किती माणसं मारणार? मग गुन्हे उकलणारी नायिका, लेखिका जेसिका फ्लेचर, हिला सारखं प्रवासाला पाठवावं लागलं, पुढे तिला न्यूयॉर्कमध्येही घर घेऊन दिलं.

तुमचं गाव एकच आहे आणि भाग आठ. अठराशे-दोन हजार वस्तीच्या गावात एक खून म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन भावक्यांचं येणं-जाणं एक पिढी बंद होतं. एक रान पडीक राहतं. बायका पाणंदीची वाट सोडून लांबून जातात. तारखेला सोलापूरच्या कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. हे सगळं खरेपणाने दाखवलं तर तुमची गोष्ट हलकी राहणार नाही आणि लपवलं तर खोटी होईल. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: खून नको. फारच वाटलं तर एक जुना मृत्यू ठेवा, पण आठ भागांत ताजं प्रेत एकही नको.

'हॅमिश मॅकबेथ' तुम्ही पाहिली नसेल तर जरूर बघा. बीबीसीची, 1995 ते 1997, फक्त वीस भाग, स्कॉटलंडच्या प्लॉक्टन गावात चित्रित झालेली. तिचा नायक साधा कॉन्स्टेबल आहे आणि त्याला बढती नको आहे. बढती म्हणजे बदली, बदली म्हणजे हे गाव सुटणार. म्हणून केस सोडवल्यावर श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकायला तो धडपडतो. या एका इच्छेतून विनोदही निघतो, रहस्यही आणि गावावरचं प्रेमही. पात्र उभं करायचं ते असं.

आणि मिस मार्पल, अगाथा ख्रिस्तींच्या कादंबऱ्यांतली खेड्यात राहणारी म्हातारी शोधक. बीबीसीसाठी जोन हिक्सन यांनी ही भूमिका 1984 साली सुरू केली तेव्हा त्या 78 वर्षांच्या होत्या, पुढे 1992 पर्यंत बाराही कादंबऱ्या त्यांनी केल्या. मार्पलबाईंकडे भिंग नाही, प्रयोगशाळा नाही. त्यांची रीत एकच: समोरचा संशयित पाहिला की त्यांना आपल्या गावातलं कुणीतरी आठवतं. हा अगदी त्या खाटकाच्या पोरासारखा वागतोय, मग हाही तसंच काहीतरी लपवत असणार. आपल्याकडे प्रत्येक गावात अशी एक आज्जी असते. "त्याचा चुलता बी असाच मान खाली घालून बोलायचा," असं ती म्हणते आणि शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर निघते. तिला लेखणीत पकडा.

आता इकडचं बघू. 2020 साली 'पंचायत' ही हिंदी वेबमालिका आली. पहिल्या भागात काय घडतं आठवा: ग्रामपंचायतीच्या कुलपाची किल्ली हरवते. सगळा भाग त्या किल्लीभोवती फिरतो. दुसऱ्या भागात झाडावर भूत असल्याची भीती असते आणि ती गोष्ट शेवटी गावातल्याच एका मास्तरापाशी येऊन थांबते. ही दोन्ही रहस्यंच आहेत, फक्त कुणी त्यांना तसं म्हणत नाही. आठव्या भागात प्रधान मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करतात. तिथे गुन्हा नाही, शोध नाही, तरी श्वास अडकतो. गोष्ट बलिया जिल्ह्यातल्या फुलेऱ्याची आणि चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यातल्या महोडियाचं, हेही लक्षात ठेवा. तुमची गोष्ट तुमच्याच गावात चित्रित व्हावी असा आग्रह पहिल्याच बैठकीत धरू नका.

'द व्हिकार ऑफ डिबली' हे तिकडचं आणखी एक उदाहरण, खेड्यात नेमलेल्या स्त्री धर्मगुरूची विनोदी मालिका. 1994 साली चर्च ऑफ इंग्लंडने स्त्रियांना पहिल्यांदा धर्मगुरूची दीक्षा दिली आणि त्याच वर्षी ही मालिका आली. कायदा राजधानीत बदलतो, त्याचा गोंधळ गावात उडतो. आपल्याकडे 2011 साली ग्रामपंचायतीत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. सरपंचबाई आणि त्यांचे 'सरपंचपती' यांच्यावर शेकडो विनोद झाले, पण त्या खुर्चीत बसायला हळूहळू शिकणाऱ्या बाईची गोष्ट मायेने सांगितलेली फार कमी दिसते. ती तुमच्या गावात असू द्या.

मराठीत हे का घडलं नाही? माणसांत खोट नाही, साच्यात आहे. रोजची मालिका आठवड्याला सहा भाग मागते, दर भागाच्या शेवटी उत्सुकता अडकवणारा हुक मागते आणि संपायला तयार नसते. रहस्याला तर शेवट लागतो. ज्या ग्रामीण रहस्यमालिका गाजल्या, त्यांनी म्हणून भीतीची वाट धरली. 2016 ची 'रात्रीस खेळ चाले' वाड्यातल्या भुताटकीवर चालली, 2020 ची 'देवमाणूस' सातारा जिल्ह्यातल्या खऱ्या हत्याकांडाच्या आधाराने. दोन्ही लोकांनी मनापासून पाहिल्या, पण त्यांची जात वेगळी. तुम्हाला जवळचं आहे ते यूट्यूबवर घडलेलं. 'गावाकडच्या गोष्टी' आणि बारामतीकडची 'चांडाळ चौकडीच्या करामती' यांनी दाखवून दिलं की गावातल्या बोलीत, गावातलीच माणसं घेऊन, छोट्या गोष्टी सांगितल्या तर लोक भागामागून भाग बघतात. तिथे कुणाला नाग आणावा लागला नाही.

आता तुमच्या गोष्टीत शोध कोण घेणार? तुम्ही मुंबईहून आलेला तरुण फौजदार घेतलाय. मी तो काढून टाकीन. त्याला गाव समजावून सांगण्यातच तुमचे तीन भाग जातील. आपल्याकडे पोलीस पाटील आहे. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद आजच्या स्वरूपात आलं, वतनदारी गेली आणि नेमणूक आली. पोलीस पाटील गावचाच रहिवासी. अंगावर गणवेश नाही, कोठडी नाही. गावात काही घडलं की ठाण्याला खबर द्यायची जबाबदारी मात्र त्याची. नाट्य याच पेचात आहे. खबर दिली तर गाव तुटतं, न द्यावी तर पद जातं. आता स्त्रियाही पोलीस पाटील आहेत. पिठाची गिरणी चालवणारी, चाळिशीच्या आतली पोलीस पाटील बाई डोळ्यांसमोर आणा. कुणाच्या घरी रोजची ज्वारी दळायची सोडून एकदम गहू आला, कुणाचं पाच किलोचं दळण आठ किलोवर गेलं, हे तिला न विचारता कळतं. पट्ट्याच्या आवाजात माणसं मोठ्याने बोलतात आणि पट्टा थांबला की एकदम गप्प होतात. त्या गप्प होण्यात तुमचे संवाद दडलेत.

क्रम मोडणं म्हणजे काय, ते एका खऱ्या सकाळीवरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी सीनेच्या काठच्या एका गावात मी पंधरा दिवस रोज सकाळी सहाला दूध संकलन केंद्रावर जाऊन बसायचो. पत्र्याची खोली, बाहेर मोटारसायकली, किटल्यांचा आवाज. आत एक विशीतलं पोरगं काट्यावर किटली ठेवायचं, चमचाभर दूध मशीनमध्ये द्यायचं. लाल आकडे उमटायचे, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), लिटर, आणि चिटोऱ्याएवढी पावती बाहेर यायची. दर दहा दिवसांनी पगार. गावातल्या निम्म्याहून जास्त घरांची नोंद त्या खोलीत दिवसातून दोनदा होत होती.

एक मामी रोज म्हशीचं नऊ लिटर आणायच्या. एका सकाळी सात भरलं. पोराने नुसतं वर पाहिलं. मामी म्हणाल्या, "म्हस आटत आलीय." पोरगं "हां" म्हणालं आणि पावती दिली. दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी सात. मामी गेल्यावर पोरगं माझ्याकडे वळून हळूच म्हणालं, "फॅट हाय तेवढाच हाय, बगा." मला कळेना. मग त्याने समजावलं. आटत आलेल्या म्हशीचं दूध कमी होतं तसा फॅट चढत जातो. मामींचा फॅट तीन दिवस दशांशानेही हलला नव्हता. म्हणजे म्हैस नऊच देत होती, दोन लिटर घरात राहत होतं. "लेक आल्याली दिसतीय माघारी, लेकरं घिऊन," तो म्हणाला. "मामी सांगंनात. आपुन कशाला इचारायचं?"

लेक खरंच सासर सोडून आली होती. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला अंदाज आला होता आणि पुढचे आठ दिवस कुणीही मामींना विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्या पोराने मामींच्या किटलीवर, काही न बोलता, लहान मुलांचा बिस्किटचा पुडा ठेवलेला मी पाहिला. मामींनी तो उचलला, पदराखाली घेतला आणि निघून गेल्या.

गुरुजी, तुमचा अख्खा प्रकार या पाच मिनिटांत आहे. सुगावा आहे आणि तो नुसता अंदाज नाही, त्यामागे म्हशीचं शास्त्र आहे. लपवणारं माणूस आहे, ओळखणारं माणूस आहे. ओळखल्यावर काय करायचं हा प्रश्नही आहे आणि उत्तर म्हणून एक बिस्किटचा पुडा. तुमच्या आराखड्यातले सुगावे मोबाइल लोकेशन, सीसीटीव्ही, बोटांचे ठसे असे आहेत. ते शहराचे सुगावे. ते काढा आणि दर भागाला असा एक सुगावा शोधा जो फक्त त्या गावात राहणाऱ्यालाच दिसेल.

गुन्हे कुठले घ्यायचे, याची तुम्हाला फार काळजी दिसते. आपल्या भागात गुन्ह्यांची काय कमी! विहिरीवरच्या मोटारीची केबल तांब्यासाठी कापून नेतात. तोडणीच्या आदल्या रात्री सांगोल्याकडे बागेतली डाळिंबं जातात. कडब्याची गंज पेटते. पण मला सर्वांत आवडता विषय आहे निनावी अर्ज. तहसीलला, गटविकास अधिकाऱ्याला, कधी थेट जिल्हाधिकाऱ्याला. "आम्ही समस्त ग्रामस्थ" अशी सुरुवात आणि खाली सही नाही. इंग्रजी रहस्यांत निनावी विखारी पत्रं पुन्हा पुन्हा येतात, आपला निनावी अर्ज त्यांचाच सख्खा भाऊ. आणि तुम्ही तर शिक्षक. एखाद्याचा 'श' तिसरीत असल्यापासून कसा वळतो हे तुमच्याइतकं गावात कुणाला ठाऊक? अर्ज तहसीलमधून चौकशीला ग्रामपंचायतीत येतो, तिथून कुणीतरी तो निवृत्त गुरुजींना दाखवतो आणि गुरुजी अक्षर ओळखतात. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर. ते सांगतील का? या एका प्रश्नावर पाऊण तासाचा भाग आरामात उभा राहतो.

शेवटच्या दोन भागांसाठी तुम्ही गुप्तधन ठेवलंय. ते माझ्या जुन्या जखमेवर बोट ठेवणारं आहे, म्हणून कदाचित मी जरा कठोर होत असेन, पण त्याऐवजी हे पाहा. 1972 च्या दुष्काळात आपल्या भागात कामं निघाली, खडी फोडली, पाझर तलाव झाले. लांबलांबच्या गावांची माणसं त्या कामांवर राहिली. आता अशाच तलावांतला गाळ काढून लोक रानात टाकतात. गाळात पितळी डबा सापडतो, आत चांदीचे तोडे. लहान बाईच्या पायाचे, झिजलेले. किंमत म्हणाल तर फार नाही. पण बहात्तर साली घरात दाणा नसताना कुणी बाईने हे विकले का नाहीत? पुरले का? परत न्यायला ती आली का नाही? तेव्हा कामावर असलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे जाऊन विचारणं हाच शोध. प्रत्येक म्हातारी ते तोडे हातात घेईल, वजन बघेल, आपल्या पायाकडे पाहील. तुम्हाला नाग लागणार नाही.

ऋतूबद्दल. इंग्रजी मालिकांचं अर्धं काम त्यांची हिरवळ करते. 'ऑल क्रिएचर्स ग्रेट अँड स्मॉल' घ्या, 1978 ची किंवा 2020 ची. यॉर्कशायरच्या डोंगरउतारांवर नुसता कॅमेरा फिरला तरी मन निवतं. आपल्या जिल्ह्यात ते नाही आणि त्याची लाज बाळगू नका. काळी रानं, बाभळी, बोडके माळ. कथेचा काळ मार्गशीर्षापासून गुढीपाडव्यापर्यंत ठेवा. तेव्हा आपला प्रदेश सर्वांत देखणा असतो. हुरड्याला कोवळी कणसं, पुढे उभी ज्वारी, तुमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी 35-1 हे वाण. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज निघतात, गावातली अर्धी माणसं तिकडे, म्हणजे घरं बंद आणि रस्ते रिकामे. मग काढणी. आपल्याकडे रब्बीची ज्वारी हाताने उपटतात, रान उघडं पडत जातं. डिसेंबरमध्ये उभ्या ज्वारीत जे लपवलं ते फेब्रुवारीत लपून राहत नाही. हा तुमच्या मालिकेचा घड्याळाचा काटा आहे. त्याच वेळी उसाच्या टोळ्या पालं टाकून असतात. गावात काही गेलं की पहिला संशय पालांवर जातो. तो खोटा निघतो हे दाखवाच, पण भाषण न करता. ज्या बाईवर आळ आला, ती दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गोडेतेल घ्यायला येते. दुकानदार काय करतो, एवढं दाखवा.

भाषेचं एकच सांगतो, कारण बाकी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं. तुम्ही सगळ्यांच्या तोंडी "काय करतोयास", "व्हय जी" घातलंय. ती मालिकांमधून शिकलेली सातारा-कोल्हापूरची भाषा आहे. तुमच्या गावात माणूस "काय करलालास बे" म्हणतो आणि तुम्हीही वर्गाबाहेर तसंच बोलत असाल. अक्कलकोटकडची सून आली की वाक्यात कानडी शब्द येतात, सोलापुरात गिरणीत खपलेला म्हातारा मध्येच तेलुगू शब्द टाकतो, माळशिरसकडचा पाहुणा वेगळाच बोलतो. ही बोलीच सुगावा होऊ शकते. फोनवर आलेला निरोप कुठल्या तालुक्यातला, हे एका क्रियापदावरून कळतं. संबोधनांचंही तसंच. काल ज्याला "मालक" म्हटलं, त्याला आज नुसतं "ओ आण्णा" म्हटलं, तर काहीतरी घडलंय. प्रेक्षकाला ते कळतं, समजावून सांगावं लागत नाही. आणि गावात निम्म्यांचं आडनाव एक असतं, म्हणून संशयितांना आडनावाने ओळखू नका. मळ्यातले, वाड्यातले, टाकीजवळचे, अशी गावाचीच ओळख वापरा.

विनोदासाठी एक पथ्य पाळा. गावात ज्याची चेष्टा करायची त्याला त्या भागात एकदा तरी सर्वांत शहाणं ठरवा. दारू पिऊन पारावर झोपणारा माणूस रात्री जागा असतो. त्याने काहीतरी पाहिलेलं असतं आणि आजवर त्याला कुणी विचारलेलं नसतं.

कागदपत्रं बिनचूक हवीत, कारण गावातला प्रेक्षक इथे फसत नाही. सातबारा तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीचं दप्तर ग्रामसेवकाकडे; 2024 पासून कागदावर या पदांची नावं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. 1 जुलै 2024 पासून जुनी फौजदारी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे अकस्मात मृत्यूची नोंद आता कलम 174 ऐवजी 194 खाली होते. तुमच्या तिसऱ्या भागात हवालदार जुनं कलम म्हणतो. गोष्ट 2025 ची असेल तर ते बदला.

पुढच्या कामाचं असं करा. निर्मात्यांकडे आठ भागांचे संवाद घेऊन जाऊ नका. पहिला भाग पूर्ण लिहा, पटकथा आणि संवादासह. बाकी सात भागांचे दोन-दोन पानांचे सारांश, पात्रांची ओळख आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा. देऊळ कुठे, डेअरी कुठे, कुणाच्या दारातून कुणाचं अंगण दिसतं. नकाशा पाहून दिग्दर्शकाला तुमची गोष्ट जेवढी कळेल तेवढी तीस पानांतून कळणार नाही. पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदणी करून घ्या, ऑनलाइन होते. रक्त वाढवा म्हणणाऱ्या निर्मात्यांना नाही म्हणा. विनोद वाढवा म्हणणाऱ्यांना पुन्हा एकदा भेटा, त्यांना बहुतेक माणसं हवी आहेत आणि त्यांच्याकडे त्याला शब्द नाही.

राहता राहिली घंटा. माझ्या मूळ आराखड्यात ती देवळाच्या गुरवानेच काढली होती. पोळ्याच्या दिवशी त्याच्या नातवाने ती दगडाने बडवली, बारीक तडा गेला, आवाज बद्द झाला. गावाने वर्गणी काढून केलेली घंटा, पोराच्या नावाने बोभाटा होईल म्हणून म्हातारा दिवसा लोक असताना घंटेचा लोलक हाताने धरून ठेवायचा आणि पहाटेची घंटा वाजवायचाच नाही. यात्रा जवळ आली तशी त्याने ती रात्री उतरवून कडब्याच्या गंजीत ठेवली. नवी ओतून आणायला त्याने दोन शेळ्या विकल्या होत्या. सगळे चोर शोधत होते. फक्त देवळामागे राहणारी एक आंधळी आज्जी पहिल्या दिवसापासून सांगत होती की घंटा काल गेलेली नाही, ती कितीतरी दिवस पहाटेची वाजलीच नव्हती. तिचं कुणी ऐकत नव्हतं. चोविसाव्या भागात पोलीस पाटील तिच्या ओट्यावर जाऊन बसते आणि विचारते, "आज्जी, शेवटची कवा ऐकली व्हती?"